रंग भिंतीचा, भूमी सरकारची

झाशीचे नाव उच्चारले की आपल्या मनात प्रथम एक किल्ला उभा राहतो, मग एक घोडा, आणि मग घोड्यावरची ती तेजस्वी मूर्ती. या चित्राचा महाराष्ट्राच्या मनावर एवढा ठसा आहे, की त्या किल्ल्याच्या पायथ्याशी माणसे घरे बांधून राहत होती, दर वर्षी दिवाळीपूर्वी भिंतींना सफेती करीत होती, घर विकत होती, गहाण ठेवीत होती आणि घराच्या हद्दीवरून भांडतही होती, याचे आपल्याला स्मरणच राहत नाही. आजच्या भाषणात मी त्या भिंतींविषयी बोलणार आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु घराची भिंत कोणत्या रंगाची असावी आणि तो रंग कोणी ठरवावा, हा प्रश्न विचारू लागलो की घर म्हणजे काय आणि मालकी म्हणजे काय, या मोठ्या प्रश्नांपाशी आपण नकळत येऊन पोहोचतो. झाशीइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. कारण तेथे एकाच आकाशाखाली दोन प्रकारच्या वस्त्या शेजारी शेजारी वाढल्या. तटाच्या आतले जुने शहर ही एक, आणि तटाबाहेरची छावणी ही दुसरी. दोहोंतील भिंती चुन्यानेच रंगविल्या जात. पण त्या रंगामागचे नियम मात्र अगदी भिन्न होते.

प्रथम शहराकडे वळू. ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ मध्ये येथील टेकडीवर किल्ला बांधला. पुढे महाराज छत्रसालांनी आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा थोरल्या बाजीरावांस दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. परंतु झाशी हे खऱ्या अर्थाने नगर म्हणून वसविले ते नारोशंकराने. नाशिकला गोदावरीच्या काठचे नारोशंकराचे देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्याचाच. हा गृहस्थ १७४२ मध्ये झाशीचा सुभेदार झाला. त्याने किल्ला वाढविला, त्या वाढीव भागास शंकरगड म्हणत, आणि किल्ल्याखाली वस्ती आणून बसविली. त्याच्यामागून नेवाळकरांचा अंमल आला. शहराला तट आणि दहा दरवाजे होते. दतिया, ओरछा, सागर, भांडेर अशी आसपासच्या गावांची नावे बहुतेक दरवाजांना आहेत, आणि त्यांच्यातच खंडेराव दरवाजा हे अस्सल दक्षिणी नावही आपली जागा धरून आहे.

या नगरातील घरे दोन परंपरांच्या मीलनातून उभी राहिली. दक्षिणेतून गेलेल्या मंडळींनी चौकाची, पडवीची आणि माजघराची कल्पना आपल्याबरोबर नेली. दगड, चुना आणि रंग मात्र बुंदेलखंडाच्या भूमीने दिले. त्या भूमीत कठीण ग्रॅनाइट आहे, मऊ पांढरा गोरा पत्थर आहे, आणि पूर्वेस चित्रकूट-सतन्याच्या बाजूस रामरज नावाची पिवळी माती सापडते. गरिबाच्या घरात भिंत पोतावयास ‘छुई’ नावाची पांढरी माती आणि गेरू असे. घरातील स्त्रिया जमीन शेणाने सारवीत आणि भिंतीच्या पायथ्याशी छुईची एक पांढरी किनार ओढीत. तिला तिकडे ‘ढिग’ म्हणतात. आपल्याकडे सारवलेल्या अंगणाला रांगोळीची रेघ दिल्याशिवाय ते पुरे झाल्यासारखे वाटत नाही, तशीच ही किनार. दिवाळीस लक्ष्मीपूजनासाठी भिंतीवर गेरूने ‘सुरैती’ रेखाटावयाची, हा तर बुंदेली घराचा कुळधर्मच. नवरात्रात मुली ‘नौरता’ खेळताना रंगीत भुकटीने अंगणे सजवीत, तो सोहळा आपल्या भोंडल्याची आठवण करून देणारा आहे.

श्रीमंतांच्या वाड्यांत हाच रंग अधिक बोलका होई. शहराच्या मध्यभागी असलेला राणीमहाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ हरि नेवाळकरांच्या काळात बांधला गेला. त्याच्या दरबारदालनाचे छत रंगविलेले आहे; फुले, वेली आणि पक्षी यांनी ते भरून गेले आहे. झाशीपासून थोड्याच अंतरावर ओरछाला लक्ष्मीमंदिराच्या भिंती आहेत, आणि त्यांवर पौराणिक प्रसंगांबरोबर गोऱ्या सैनिकांशी झालेल्या लढाईचेही चित्रण आहे. म्हणजे या प्रदेशात भिंत ही नुसती आडोशाची वस्तू नव्हती. घरात काय घडले, गावावर काय गुदरले, कोणता सण आला, हे सांगण्याची ती जागा होती. कोणता रंग द्यावा हे घरधनी ठरवी. पुष्कळ वेळा घरधनीण ठरवी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे.

१८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले आणि पुढच्या वर्षी कंपनी सरकारने झाशीचे राज्य खालसा केले. राणीसाहेबांना दरमहा पाच हजारांचे निवृत्तिवेतन ठरले आणि किल्ला सोडून शहरातील राणीमहालात राहावयास यावे लागले. राज्य गेले, पण घर राहिले. त्याच सुमारास शहराच्या तटाबाहेर कंपनीची छावणी होती. तेथे शिपायांच्या बराकी होत्या, अंमलदारांचे बंगले होते आणि खजिना व दारूगोळा ठेवण्यासाठी ताऱ्याच्या आकाराचा एक लहानसा कोट होता. त्यास स्टार फोर्ट म्हणत. या छावणीतील बंगल्यांची गोष्ट समजावयाची, तर अठरा वर्षे मागे जाऊन कलकत्त्याच्या एका हुकुमाकडे पाहिले पाहिजे.

१२ सप्टेंबर १८३६ रोजी गव्हर्नर जनरलच्या दप्तरातून १७९ क्रमांकाचा हुकूम निघाला. तो बंगाल सैन्याच्या छावण्यांसाठी होता, आणि झाशीतील पलटणही बंगाल सैन्याचीच होती. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही त्या हुकुमाच्या नेमकेपणाचे कौतुक वाटते. त्याचा आशय असा: छावणीतील जमीन सर्वस्वी सरकारची. तीवर अंमलदाराने घर बांधावे, परंतु जमीन त्याची होणार नाही आणि ती त्याला विकता येणार नाही. सरकारला जागा हवी झाली तर एक महिन्याची सूचना द्यावी आणि परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत चुकती करून ती परत घ्यावी. एका लष्करी अंमलदाराने दुसऱ्या अंमलदारास घर विकण्यास फारशी आडकाठी नव्हती. परंतु सैन्याबाहेरच्या माणसाला विकावयाचे तर छावणीच्या मुख्याची लेखी संमती हवी. आणि घेणारा एतद्देशीय असून घराची किंमत पाच हजार रुपयांहून अधिक असेल, तर प्रत्यक्ष सरकारची मंजुरी आल्यावाचून व्यवहार पुरा होत नसे.

या व्यवस्थेमागे एक लष्करी तर्क होता, आणि तो समजून घेतला पाहिजे. अंमलदाराची बदली दर दोन-तीन वर्षांनी होई. त्याला राहावयास घर हवे, पण बांधण्याचा खर्च कंपनीला आपल्या अंगावर नको होता. म्हणून अंमलदाराने स्वतःच्या पैशाने बांधावे, जाताना पुढच्याला विकावे, आणि पलटण हलली किंवा तोफखान्याला मैदान लागले तर जागा मात्र मोकळी करून मिळावी, अशी ही सोय. तिच्यातून मालमत्तेचा एक विलक्षण प्रकार जन्माला आला. आपल्याकडे वाड्याची किंमत करताना प्रथम जागेचा विचार होतो. घर पडले तरी जागा राहते, आणि जागा आहे तोवर घर पुन्हा उभे करता येते. छावणीत याच्या उलट होते. तेथे भिंत तुमची, छप्पर तुमचे, दारे-खिडक्या तुमच्या. त्या ज्या मातीवर उभ्या ती मात्र परक्याची. जणू तंबूला भिंती फुटल्या होत्या.

१८५७ च्या जून महिन्यात झाशीच्या छावणीत ठिणगी पडली. प्रथम स्टार फोर्ट गेला आणि काही दिवसांतच इंग्रजांची तेथील वस्ती संपली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सर ह्यू रोझ शहरासमोर येऊन ठाकला, तेव्हा त्याच्या तळापासून शहरापर्यंतच्या मैदानात जुन्या छावणीच्या बंगल्यांचे भग्नावशेष उभे होते. मग शहराची पाळी आली. ३ एप्रिल १८५८ रोजी तटावर हल्ला झाला आणि त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ मध्ये केले आहे. हे भिक्षुक गृहस्थ वेढ्याच्या दिवसांत झाशीतच होते. त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. सोन्यारुप्यापासून भांड्याकुंड्यांपर्यंत आणि धान्यापर्यंत घरे टप्प्याटप्प्याने कशी रिकामी केली गेली, हे त्यांच्या पुस्तकात वाचताना एक गोष्ट जाणवते. छावणीतील बंगला जळाला तेव्हा एक इमारत गेली. शहरातील घर लुटले गेले तेव्हा पिढ्यांचा संसार गेला.

यानंतर झाशीच्या वाट्याला एक चमत्कारिक परिस्थिती आली. इंग्रजांनी हे शहर आणि किल्ला शिंद्यांच्या स्वाधीन केला आणि आपले जिल्ह्याचे ठाणे शहराच्या तटाबाहेर थाटले. त्याचे नाव नौआबाद, म्हणजे नव्याने आबाद केलेली वस्ती. नवाबाद या रूपाने ते नाव झाशीत अद्याप ऐकू येते. अशा रीतीने सुमारे पाव शतक शहर एका सत्तेचे आणि उपनगर दुसऱ्या सत्तेचे, असा प्रकार होता. १८८६ मध्ये अदलाबदल झाली: ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत मिळाली आणि झाशीचे शहर व किल्ला इंग्रजांकडे आला. लगोलग १८८९ च्या सुमारास इंडियन मिडलंड रेल्वेचे रूळ आले, १८९५ मध्ये रेल्वेचा कारखाना निघाला, आणि पुढे ही रेल्वे मुंबईच्या जी. आय. पी. कंपनीच्या कारभारात गेली. झाशी ही मोक्याची जागा ठरली. छावणी वाढली, सिव्हिल लाइन्स वाढली, रेल्वेची वसाहत उभी राहिली, छावणीला लागून सदर बाजार आणि रेल्वेच्या पलीकडे सीपरी बाजार भरभराटीस आला.

ही वाढ ज्या धर्तीवर झाली, तिचे मूळ एका अहवालात आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक राजकीय मंडळ नेमले गेले होते. त्याने १८६३ मध्ये आपला अहवाल दिला, आणि त्यातून दिसून आले की दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला एकोणसत्तर माणसे मरत होती, आणि त्यांतील बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, अतिसार आणि ताप यांनी. या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी पुष्कळ परिश्रम केले होते. बराकी दाटीच्या असू नयेत, हवा खेळती असावी, सांडपाण्याचा निचरा व्हावा आणि भिंती स्वच्छ असाव्यात, असा विचार त्यानंतर सर्वत्र रूढ झाला. रुंद रस्ते, दुतर्फा कडुनिंब, प्रत्येक बंगल्याभोवती प्रशस्त आवार, उंच जोते, चौफेर व्हरांडा आणि छताजवळ रोशनदाने, हे जे छावणीचे रूप आपल्या परिचयाचे आहे, ते या विचारातून घडले. पुण्याचा कॅम्प, देवळाली, अहमदनगर किंवा कामठी पाहिलेल्या श्रोत्याला झाशीची छावणी परकी वाटणार नाही.

या आरोग्यविचारात चुन्याला मोठे स्थान होते. चुना ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिचे गुण आपण विसरतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरविला की खदखदून फुलतो. तो गाळावा, त्यात थोडा डिंक घालावा, पांढरेपणाला उठाव यावा म्हणून किंचित नीळ घालावी आणि कुंच्याने पातळ हात द्यावा. ओल्या हातावर भिंत मळकी दिसते, पण सुकता सुकता उजळते. कारण हवेतील कर्बवायू शोषून चुना पुन्हा दगड होऊ लागतो. ताजा चुना दाहक असल्यामुळे जंतू आणि कीड यांचा नाश करतो, आणि सुकल्यावरही त्याचा थर भिंतीतील ओल बाहेर सोडतो. झाशीच्या उन्हाळ्यात पांढरी भिंत उष्णता परतवून लावते, हा आणखी एक फायदा.

परंतु चुना हा मानी पदार्थ आहे. प्रत्येक रंगाशी त्याचे जमत नाही. पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग आणि काही रासायनिक निळे रंग त्याच्या तीव्रतेपुढे फिके पडतात. त्याच्याशी टिकून राहतात ते मुख्यतः मातीचे रंग: रामरजेचा पिवळा, गेरूचा तांबडा, काजळीचा राखी. मोरचुदाने थोडी निळसर-हिरवी छटा येते, इतकेच. छावणीच्या वस्त्या फिकट पिवळ्या, पांढऱ्या आणि तांबूस रंगांनीच का भरलेल्या असत, त्याचे उत्तर यात आहे. नुसता पांढरा रंग उन्हात डोळ्यांना दिपवी, म्हणून त्यात रामरज मिसळीत. पावसाचे शिंतोडे उडतात त्या जोत्याला गेरूचा वा काळा पट्टा देत. तोच पिवळा, तोच गेरू, आणि भिंतीच्या तळाशी तीच किनार. जी बुंदेली स्त्री आपल्या झोपडीला ढिग देत होती, तिचेच रंग साहेबाच्या बंगल्यावर चढले होते. फरक होता तो रंग द्यावयास लावणाऱ्या हेतूत.

तो फरक कायद्याने किती स्पष्ट केला, हे आता सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांतून बंगल्यांच्या मालकीचे चित्र पालटले होते. बदलीवर जाणाऱ्या अंमलदाराला गिऱ्हाईक लवकर हवे असे, आणि रोख पैसा असे तो देशी सावकाराकडे, ठेकेदाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे. अशा रीतीने पुष्कळ बंगले एतद्देशीयांच्या हाती आले. मालक देशी आणि भाडेकरू गोरा, असा हा संबंध. साम्राज्याच्या ऐन भरात राज्यकर्ता भाडेकरू आणि प्रजाजन घरमालक, हे दृश्य एरवी गमतीचे वाटले असते. परंतु सैन्याच्या मुख्यांस ते गैरसोयीचे वाटले, कारण मालक भाडे वाढवू लागले आणि दुरुस्ती टाळू लागले. म्हणून १९०२ मध्ये छावणीतील घरांच्या सोयीसंबंधी एक कायदा झाला आणि १९२३ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. लष्करी अंमलदारासाठी घर लागले, तर ते सरकारला भाडेपट्ट्याने घेता येईल, आणि मालकाने ते सुस्थितीत ठेवले पाहिजे, असा त्याचा गाभा.

सुस्थिती म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यात आहे. जमीन, भिंती, खांब आणि कमानी मजबूत असाव्यात, छप्पर गळू नये. दारे-खिडक्या शाबूत असून त्यांस रंग वा तेल दिलेले असावे आणि कड्या-कुलपे नीट असावीत. आणि तिसरी अट अशी, की सर्व खोल्या व भोवतालच्या इमारती यांस योग्य प्रकारे रंग किंवा सफेती केलेली असावी. माझ्या मते आपल्या देशातील गृहसजावटीच्या इतिहासात या तिसऱ्या अटीला मोठे महत्त्व आहे. येथे भिंतीचा रंग हा कायद्याचा विषय झाला. आवडनिवड, सणवार, शकुन यांच्या कक्षेतून तो निघाला आणि भाडे, दुरुस्ती व जप्तीच्या कागदांत जाऊन बसला. एकीकडे ज्याच्या पैशाने रंग द्यावयाचा तो मालक त्या घरात राहत नव्हता. दुसरीकडे जो त्या घरात राहत होता, त्याला दोन वर्षांनी निघून जावयाचे होते. आणि ज्या सरकारची जमीन होती, त्याला रंगाशी कर्तव्य होते ते आरोग्यापुरते आणि शिस्तीपुरते. तिघांपैकी एकालाही ती भिंत आपली वाटत नव्हती.

परिणाम व्हायचा तोच झाला. सफेती वेळेवर होत राहिली, पण तिच्यात जीव नव्हता. मालक तपासणी उतरेल एवढा हात मारी. आवार प्रशस्त, झाडे उंच, कमानी डौलदार; आणि भिंती सगळीकडे सारख्या. १९२४ च्या छावणी कायद्याने नवे बांधकाम आणि जुन्यात मोठा फेरफार यांना मंडळाची मंजुरी आवश्यक केली. १९३७ च्या नियमांनी जमिनींचे वर्ग पाडले, आणि जुन्या हुकुमाखालील बंगले ‘ब-३’ या वर्गात जाऊन पडले. ज्याला उद्या नोटीस येऊ शकते, तो आज भिंतीवर मोर कशाला काढील? घराला रंग देणे हा भविष्यावरचा विश्वास असतो. आपण पुढच्या दिवाळीपर्यंत येथे राहणार, आपली नातवंडे या भिंतीला टेकून बसणार, असा भरवसा असेल तरच माणूस त्यात मन घालतो. तो भरवसा जमिनीच्या हक्कातून येतो. कायदा सफेती करवून घेऊ शकतो. माया करवून घेऊ शकत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. छावणीच्या कडक नियमांमुळेच तेथील रस्ते रुंद राहिले, झाडे तुटली नाहीत, आवारांचे तुकडे पडले नाहीत. तटाच्या आतील शहर दाटत गेले, गल्ल्या अरुंद झाल्या, जुन्या वाड्यांच्या वाटण्या होऊन एकाच दर्शनी भिंतीचा अर्धा भाग निळा आणि अर्धा गुलाबी दिसू लागला. भावाभावांच्या भांडणाची हद्द रंगाने आखलेली आपण पुणे-साताऱ्यातही पाहतो. मालकीचे स्वातंत्र्य म्हणजे सौंदर्याची हमी नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. छावणीने आपल्याला सार्वजनिक शिस्त शिकविली, शहराने खाजगी जिव्हाळा जपला. आणि या दोहोंचा मेळ घालणे आपल्या नगररचनेला अद्याप साधलेले नाही.

स्वातंत्र्य आले, गोरे अंमलदार गेले, पण १८३६ च्या हुकुमाची सावली गेली नाही. छावण्या राहिल्या, कारण सैन्य राहावयासच हवे होते. जुन्या बंगल्यांचे वारस ते आपले समजून विकू लागले, तेव्हा वाद न्यायालयांत गेले. बुंदेलखंडातीलच सागर छावणीच्या एका बंगल्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निर्णय दिला, आणि जुन्या अनुदानाच्या शर्तींखाली जमिनीची मालकी सरकारचीच राहते, धारकाचा हक्क इमारतीपुरता, हे तत्त्व पुन्हा एकदा मान्य झाले. १६० वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याच्या कागदाने एका आधुनिक खरेदीखताचा निकाल लावला. २००६ मध्ये छावण्यांचा नवा कायदा झाला. हिमाचल प्रदेशातील योलची छावणी २०२३ मध्ये रद्द करण्यात आली आणि अन्य छावण्यांतील नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांकडे सोपविण्याचा विचार सुरू झाला. त्या व्यवस्थेचा इतिहास अजून संपलेला नाही.

दरम्यान रंगाची दुनियाच पालटली. १९०२ मध्ये हावड्यास शालिमारचा कारखाना निघाला, १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्सची स्थापना केली, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी हातात कुंचला आणि रंगाचा डबा घेतलेला गट्टू रेखाटला. आता चुन्याची मर्जी सांभाळण्याचे कारण उरले नाही. जो रंग मनात येईल तो डब्यात मिळू लागला. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या चुनेगच्ची भिंतीवर प्लास्टिकचा रंग चढविला की भिंतीतील ओल आत कोंडते. मग पोपडे सुटतात, गिलावा फुगतो आणि दोष मात्र जुन्या बांधकामाला दिला जातो. ज्यांच्याकडे असा वाडा वा बंगला असेल, त्यांनी चुन्याची भिंत चुन्यानेच रंगवावी. त्यात भावनेचा भाग नाही, तो पदार्थाचा धर्म आहे.

कोणी म्हणेल, हे सारे झाशीचे. आम्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना त्याचे काय? महाराष्ट्रातही पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात छावण्यांचा वारसा आहे, हे तर झालेच. पण छावणीच्या बाहेर, आपल्या रोजच्या सदनिकेत, हाच प्रश्न निराळ्या वेषात आलेला आहे. आपण आयुष्याची पुंजी घालून तिसऱ्या मजल्यावर चार भिंती विकत घेतो. आतून त्यांना हवा तो रंग देतो; बाहेरून कोणता द्यावयाचा हे संस्थेची सभा ठरविते. आणि इमारतीखालची जमीन? १९६३ च्या कायद्याने ती खरेदीदारांच्या संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन बांधणाऱ्यावर घातले. परंतु ते इतक्या ठिकाणी पाळले गेले नाही, की २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाची तरतूद करावी लागली. इमारत जुनी होते, पाडावयाची वेळ येते, आणि तेव्हा कळते की भिंत आपली होती पण भूमी आपल्या नावावर नव्हती. झाशीच्या सावकाराला जी गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, ती आपल्याला तीस-चाळीस वर्षांनी उमगते. म्हणून घर घेताना रंगाचा नमुना पाहण्याआधी जमिनीचा कागद पाहावा, एवढा व्यवहारी बोध तरी या इतिहासातून घ्यावा.

तरीही माणसाचा रंगावरचा हक्क जमिनीच्या कागदावर पूर्णपणे अवलंबून नसतो, हेही तितकेच खरे आहे. राज्य गेल्यावर राणीमहालाच्या ज्या रंगीत छताखाली राणीसाहेबांनी दिवस काढले, ते छत आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे आणि त्याखाली बुंदेलखंडातील जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. मालक बदलले, सरकारे बदलली, रंग राहिला. सुरैतीची रेघही राहिली आहे. बुंदेलखंडात दिवाळीच्या संध्याकाळी आजही घराघरांतून ती काढली जाते; कोठे छापील कागद चिकटवितात, कोठे गेरूने हातानेच रेखाटतात. भाड्याच्या खोलीतही काढतात आणि सरकारी वसाहतीतही काढतात. ती काढणाऱ्या गृहिणीला भूमी कोणत्या वर्गात मोडते, याची चौकशी करावीशी वाटत नाही. त्या रात्रीपुरती तरी ती भिंत तिची असते.